बारा तारीख

“कधीपासनं?” आईनं विचारलं.

“सकाळपासनं.”

“पोटात दुखतंय?”

“पोटात नाही. खाली.”

“दुखतंयच की गं,” आई म्हणाली आणि चक्क हसली.

तिच्या हातात माझा शाळेचा निळा स्कर्ट होता, मागून रक्तानं भरलेला. मी न्हाणीच्या दाराला टेकून मार खायच्या तयारीनं उभी होते. मार मिळालाच नाही. आईनं मला गूळ-खोबरं दिलं, डोक्यावरून हात फिरवला, डोळ्यांना पदर लावला आणि मागच्या खोलीत घोंगडीवर नेऊन बसवलं. “कशाला शिवू नको,” म्हणाली आणि शेजारच्यांच्या फोनवरून तिनं लगेच गौराआत्याला बोलावणं धाडलं. मला एवढंच कळलं की सायकलचं प्रकरण मिटलं.

सायकल आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. काळी, उंच, मध्ये दांडा असलेली. आमचं गाव कर्नाटकच्या शिवेला लागून. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला साडेचार किलोमीटरवरच्या हायस्कूलला जायचं, आणि तिकडची एसटी आली तर आली, नाहीतर नाही. म्हणून मी सातवीतच सायकल शिकायला घेतली होती, अर्थात आप्पांना न विचारता. दांड्याखालून पाय घालून चालवायला जमत होतं. त्या दिवशी, बारा फेब्रुवारीला, मला नको ते शहाणपण सुचलं आणि मी दांड्यावरून टांग टाकली. पाय पेडलला पुरेनात. ओढ्याच्या उतारावर खड्डा आला, मी सीटवरून सटकले आणि दांड्यावर अशी आदळले की डोळ्यांपुढं काजवे चमकले. सायकलचं मडगार्ड वाकलं ते मी दगडानं ठोकून सरळ केलं. स्वतःचं काय वाकलं ते बघायची सोय नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, बारा वर्षांची घोडी, आईला सरळ सांगायचं की. काय सांगायचं? आप्पांची सायकल चोरून नेली आणि आपटली, हे? शिवाय ही दुसरी भानगड काय असते, ते तरी मला कुठं ठाऊक होतं?

तसं शाळेनं शिकवलं होतं हां, खोटं कशाला बोलू. जानेवारीत वरून परिपत्रक आलं होतं: सातवीच्या मुलींना वयात येण्याविषयी मार्गदर्शन करावे व फोटो पाठवावेत. हेडमास्तरांनी मुलांना मैदानातले दगड वेचायला पाठवलं, खिडक्या लावून घेतल्या आणि स्वतः दाराबाहेर पाठमोरे उभे राहिले. आत हत्तुरे बाई जास्वंदीचं फूल घेऊन आल्या. पाकळ्या झाल्या, पुंकेसर झाले, परागकण झाले. शेवटी बाईंनी घाम पुसला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “तर मुलींनो, आपलंही असंच असतं. योग्य वेळी रक्तस्राव होतो. घाबरायचं नाही. आईला सांगायचं. काही शंका?” कुणी तोंड उघडायच्या आत फोटो काढून झाला आणि तास संपला. मी घरी येऊन परसातलं जास्वंदीचं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत बघितलं. त्यातून रक्त कुठून येतं ते काही सापडलं नाही.

त्यामुळं घोंगडीवर बसून मी माझ्या अकलेनं हिशेब लावला. रक्त आलंय, हे खरं. आई खूश आहे, हेही खरं. म्हणजे वयात येणं ते हेच असणार, आणि त्यासाठी प्रत्येक मुलीला कुठून तरी पडावं लागत असणार. कमळाक्का कुठून पडली होती कुणास ठाऊक!

कमळाक्का माझी थोरली बहीण. तिची आठवण झाली आणि माझा सगळा हिशेबच फिरला. अक्काला न्हाण आलं तेव्हा ती सहावीत होती. आमच्याकडं पहिली पाळी आली की पोरीला सजवून मखरात बसवतात, ओटी भरतात, गावजेवण घालतात. अक्काचंही केलं. कार्यक्रम झाला त्याच दिवशी आप्पांनी तिचं दप्तर माळ्यावर टाकलं. ती लग्न होऊन गेली, दप्तर अजून तिथंच होतं. आमच्या घरचा कायदाच तो, न्हाण आलं की शाळा बंद.

आणि मला तर आठवीत जायचं होतं. माझं काही मोठं ध्येयबिय नव्हतं. हायस्कूलला प्रयोगशाळा होती, पुस्तकांची दोन कपाटं होती, आणि तिथपर्यंत गौराआत्याचा आवाज पोचत नव्हता. तेवढं मला पुरेसं होतं.

गौराआत्या दुपारच्या एसटीनं आलीच. आप्पांची थोरली बहीण, आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. पहिला आणि मधलाही तिचाच. दारातूनच तिनं माझ्यावरून बोटं मोडली. “आली गं बाई माझी जगदेवी वयात! अकराव्या दिवशी कार्यक्रम करू. असा करू की लोकांनी नाव काढलं पाहिजे.”

“आत्या, आणि आठवी?”

“आता कसली आठवी? आता चूल!” आत्या म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसली.

तेव्हा मी ठरवलं, आप्पांचा मार परवडला. दुसऱ्या दिवशी आई ताट घेऊन आली तेव्हा मी धीर केला.

“आई, ऐक की. मी पडले होते.”

“पडतंय माणूस. अशक्तपणा येतो.”

“तसं नाही गं. आधी पडले, मग रक्त आलं.”

“गप! असलं तोंडानं बोलायचं नसतं. समजून घ्यायचं असतं.”

“काय समजून घ्यायचं?”

“ते तुझ्या बाई सांगतील. त्या शिकल्याल्या हाईत.”

पाचव्या दिवशी न्हाऊ घालून मला सोडलं. तोवर रक्त थांबलं होतं. शाळेत गेल्या गेल्या मी हत्तुरे बाईंना पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

“बाई, एक शंका.”

“हं, विचार.”

“सायकलवरून पडल्यावर पण तेच येतं का?”

“तेच म्हणजे?”

“जास्वंदीचं.”

बाईंनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. “जगदेवी, हा विषय झालाय ना आपला? फोटोपण गेलाय वर. आता जे काय असेल ते आईला विचार.”

झालं. आईला वाटे बाई सांगतील, बाईंना वाटे आई सांगेल, आणि दोघींच्या मध्ये मी माझं फूल घेऊन उभी.

कार्यक्रम मात्र दणक्यात झाला. मामानं हिरवा शालू आणला, मखराला लायटिंग केलं. शाळेच्या फाटकासमोरच दहा फुटी फ्लेक्स लागला. वर माझा फोटो, हरणासारखे डोळे केलेला, आणि खाली गॉगल लावलेले चौदा शुभेच्छुक. ‘कु. जगदेवी हिच्या ऋतुशांती सोहळ्यास हार्दिक शुभेच्छा!’ ज्या गोष्टीसाठी महिन्यापूर्वी शाळेच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, ती आता रस्त्यावरून जाणारा ट्रकवालाही वाचून जात होता. हेडमास्तर सहकुटुंब आले. दोनदा गव्हाची गोड हुग्गी मागून घेतली. हत्तुरे बाईंनी मला स्टीलचा डबा दिला आणि कानात म्हणाल्या, “कळलं ना आता सगळं?” मी मान हलवली. मखरात बसलेल्या मुलीला मान हलवण्यापलीकडं काही करता येत नाही, डोक्यावर वजनच तेवढं असतं. चारशे पान उठलं. वर्गातली पोरं पुढचे आठ दिवस मला बघितलं की ‘हार्दिक शुभेच्छा’ म्हणून ओरडायची.

आप्पांनी सातवीची परीक्षा तेवढी देऊ दिली. “शेवटची,” म्हणाले.

पुढं मार्चची बारा तारीख आली. आईनं सकाळपासून घोंगडी झटकून तयार ठेवली. काही झालं नाही. एप्रिलची बारा आली, तीही कोरडी गेली. आई माझ्याकडं टक लावून बघायला लागली. मला वाटलं, दर महिन्याला पडायचं असतं की काय? तसं असेल तर मी तयार होते, पण सायकलला आता आप्पांनी कुलूप घातलं होतं. मेची बारा कोरडी गेली आणि गौराआत्या येऊन थडकली. तिनं दाराला कडी लावली. आई भिंतीला टेकून बसली होती, तोंड पांढरंफटक.

“खरं सांग,” आत्या म्हणाली. “कुठं गेलतीस?”

माझ्या मनात आलं, मडगार्ड सापडलं.

“ओढ्याकडं.”

“ओढ्याकडं!” आत्यानं आईकडं बघितलं. “ऐकलंस? आणि कोण होतं तिथं?”

“कुणी नव्हतं. एकटीच होते.”

“एकटीनं होतंय व्हय असलं?”

“का नाही होणार? पाय पुरले नाहीत, पडले.”

आत्यानं कपाळावर हात मारला. आई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. एका सायकलपायी एवढा आकांत बघून मलाही रडू फुटलं. मी शपथेवर सांगितलं की परत हात लावणार नाही. त्यानं तर दोघी आणखीच घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी मला सोलापूरला नेलं. तालुक्याला नाही, तिथं ओळखीचं कुणी भेटलं असतं. डॉक्टर तांबोळी बाईंचा दवाखाना लहानसाच होता, बाई पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. आत्यानं खुर्चीवर बसल्या बसल्या सुरुवात केली. फेब्रुवारीत न्हाण आलं, पुढं तीन महिने काही नाही, पोरगी ओढ्याकडं गेली होती म्हणते, आता तुम्हीच काय ते बघा आणि आमची अब्रू वाचवा.

डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळल्या. “आता तू सांग.”

“ती काय सांगणार?” आत्या म्हणाली. “लहान हाय ती.”

“तुम्ही बाहेर बसा जरा,” डॉक्टर बाई आत्याला म्हणाल्या. “आई थांबू दे.” गौराआत्याला कुणी बाहेर बसवलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

मग मी सांगितलं. सायकल, दांडा, ओढा, खड्डा, मडगार्ड. तीन महिन्यांत मला कुणी हे विचारलंच नव्हतं. सांगता सांगता मी हुंदके द्यायला लागले तरी बाई मध्ये बोलल्या नाहीत. त्यांनी मला तपासलं, आधी काय करणार ते सांगून, आई शेजारी असताना. मग हात धुतले आणि आत्याला आत बोलावलं.

“हिला काही झालेलं नाही. सायकलवरून पडून जखम झाली होती, ती भरलीय. त्याच वेळी आणायला हवं होतं. आणि हिला पाळी अजून आलेलीच नाही.”

“म्हंजे थांबली?”

“थांबायला सुरू व्हावी लागते. सुरूच झालेली नाही.”

“असं कसं म्हंता डॉक्टरीणबाई?” आत्या म्हणाली. “चारशे पान उठलं की आमचं!”

“जेवणावळी घालून येत नसते हो ती,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

मग त्यांनी औषधं लिहायच्या कागदावर माझ्यासाठी एक चित्र काढलं. हे गर्भाशय. ह्या दोन बाजूंना बीजांडं तयार करणाऱ्या ग्रंथी. दर महिन्याला आत मऊ अस्तर तयार होतं, बाळ राहिलं नाही की ते गळून पडतं, तीच पाळी. कुणाला दहाव्या वर्षी येते, कुणाला पंधराव्या. पडून येत नाही. ती आलेल्या बाईनं शिवलं म्हणून काही नासत नाही. सोळापर्यंत आली नाही तर मात्र परत या. पाच मिनिटांत सांगून झालं, आणि त्यात एकही फूल नव्हतं. मी मान वर केली तर आई कागदावर वाकली होती. दोन बाळंतपणं झालेली ती बाई, तिच्या पोटात काय असतं ते त्या दिवशी पहिल्यांदा बघत होती. “हे एवढंसं असतंय?” तिनं हळूच विचारलं. डॉक्टर बाईंनी मूठ वळून दाखवली.

एसटी स्टँडवर येईपर्यंत आत्यानं निकाल लावला होता. “ह्यातला एक शब्द कुणाला कळता कामा नये. हिच्या आप्पालासुद्धा न्हाई. मखरात बसवून पोरीला न्हाणच न्हाई, लोक तोंडात शेण घालतील. दर बारा तारखेला ही चार दिवस मागं बसंल. जशी येतीया तशी.”

“मग मला आठवीला घाला,” मी म्हणाले.

“काय?”

“न्हाण आलं की शाळा बंद. आलंच नाही तर बंद कशी? घातली नाहीत तर मी सांगणार. आधी हत्तुरे बाईंना, त्यांनी शंका विचारायला सांगितलंय. मग फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांना, एकेकाला घरी जाऊन.”

आत्याचा हात वर गेला. मी डोळे मिटून घेतले, पण तो खाली आला नाही. डोळे उघडले तर आई मध्ये उभी होती. “वन्सं,” ती म्हणाली, “ही बोलती ते करती.” आईनं नणंदेला उलटून काही बोललेलं मला आठवत नव्हतं, आणि तिलाही नसावं, कारण तिचा आवाज कापत होता.

आत्यानं फलाटावर दोन फेऱ्या मारल्या. “बरं,” म्हणाली. “पण खरं न्हाण येईपर्यंतच. आलं की त्याच दिवशी दप्तर माळ्यावर. कबूल?”

“कबूल.”

आप्पांना तिनंच पटवलं. शिकलेल्या पोरीला नोकरीवाली स्थळं येतात, तुला एवढंही कळत न्हाई व्हय, असं तिनं त्यांना दरडावून विचारलं. बहिणीचं हे नवीन मत ऐकून आप्पा चक्रावले, पण तिच्यापुढं बोलायची त्यांची टाप नव्हती. जूनमध्ये मी हायस्कूलला गेले, आप्पांनी कुलूप काढून दिलेल्या त्याच सायकलवरून.

मग माझी बारा तारीख सुरू झाली. दर महिन्याच्या बाराला मी ठणठणीत तब्येतीनं मागच्या खोलीत जाऊन बसायची, ते पंधरापर्यंत. शाळेतही कळवायचं, पोट दुखतंय. भाकरी थापायची नाही, पाणी भरायचं नाही, शेणाला हात लावायचा नाही, नुसतं लोळायचं आणि वाचायचं. आठवीला मी वर्गात पहिली आले ती बारा तारखेच्या कृपेनं. गौराआत्या महिन्याला एक चक्कर टाकायची आणि चुलीपाशी बसून आईला कुजबुजत विचारायची, “आलं?” आई म्हणायची, “न्हाई.” आत्यानं माझ्या न्हाणाची जेवढी वाट बघितली, तेवढी तिनं स्वतःच्या नातवाचीही बघितली नसेल. तिनं त्यासाठी सोमवार धरले होते. माझीही रोज देवापुढं प्रार्थना असायची, येऊ देऊ नको म्हणून. देवाची पंचाईतच झाली असणार.

नववीत दिवाळीनंतर, सव्वीस तारखेला, गणिताच्या तासाला ते आलं. खरंखुरं. या वेळी मला सगळं ठाऊक होतं, कुठून येतंय, का येतंय, किती दिवस राहील. रक्ताची भीती वाटलीच नाही. भीती वाटली ती दप्तराची. कमरेला स्वेटर बांधून मी सायकल मारत घरी आले आणि कुणाला दिसायच्या आत आईच्या ट्रंकेतलं जुनं लुगडं काढून फाडायला लागले.

“कशाला फाडायलीस?”

आई दारात उभी होती. तिनं माझ्या कमरेच्या स्वेटरकडं बघितलं.

“आलं?”

मी मान हलवली आणि तिथंच मटकन खाली बसून रडायला लागले. “आई, आत्याला सांगू नको गं. पाया पडते तुझ्या. दहावी तरी होऊ दे.”

आईनं दार लोटून घेतलं. माझ्या हातातलं लुगडं काढून घेतलं, “हे खरबरीत हाय,” म्हणाली, आणि दुसरं मऊ काढून, फाडून, घडी कशी घालायची ते दाखवलं. दोनदा दाखवलं. मग माझ्याशेजारी बसली.

“दुखतंय का लई?”

“हो.”

“कुठं?”

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. बाकी एक अक्षर बोलली नाही, सांगणार की नाही तेही नाही. माझा जीव टांगणीला. दिवेलागणीला ती चुलीपुढून म्हणाली, “जा, देवाला दिवा लाव.”

“आज?”

“आज काय हाय? आज सव्वीस. तुझी तारीख बारा.”

मी दिवा लावला. भाकऱ्या थापल्या, लोणच्याच्या बरणीत हात घातला, आप्पांना पाणी दिलं. काही नासलं नाही. आप्पा दोन भाकऱ्या जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी आईनं मला हाताला धरून उठवलं, दप्तरात डबा घातला आणि शाळेला घालवलं.

आठवड्यानं आत्या आली. मी बाहेर सायकलची चेन बसवत होते, पण कान सगळे आत. ती चुलीपाशी टेकली, पाणी प्याली आणि आवाज बारीक करून तिनं विचारलं, “आलं का गं?”

आई भाकरी उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

“न्हाई वन्सं,” ती म्हणाली. “डॉक्टरीण म्हणलीच की, कुणाकुणाला उशीर लागतोय.”

आत्यानं सुस्कारा सोडला आणि आणखी एक सोमवार बोलली. पुढं दीड वर्षं ती दर महिन्याला विचारत राहिली आणि आई दर महिन्याला तेच सांगत राहिली. दहावीला मला ब्याऐंशी टक्के पडले. आप्पांनी स्वतः गावात पेढे वाटले, आणि सोलापूरच्या कॉलेजचा फॉर्मही तेच घेऊन आले. तोवर मला न्हाण आलंच नव्हतं. आईनं येऊच दिलं नाही.